पुसलेले अकरा सेकंद

१

कॅसेट वाजवायच्या आधी मी ती उघडतो. पाच बारीक स्क्रू, ते काचेच्या बशीत. आतला स्पंज झडला असेल तर नवा चिकटवतो. रिळं बोटानं एकदा पुढं, एकदा मागं फिरवतो. डेकचं हेड स्पिरिटनं पुसतो आणि मग वहीत तारीख, वेळ, कॅसेटची बनावट आणि बाजू लिहितो. अशा एक्केचाळीस वह्या भरल्या आहेत. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चुका करत शिकलो आणि प्रत्येक चूक लिहून ठेवली.

मेम्फिसमध्ये आमच्या ऑरेंज माउंड भागात नव्वदच्या सुमारास पोरं घरातच रॅप रेकॉर्ड करायची. कपड्यांच्या कपाटात माइक, गाद्या भिंतीला टेकवलेल्या. मी त्यांच्या प्रती काढायचो. ममाच्या घराच्या मागच्या खोलीत सहा डेक एकाला एक जोडलेले असत. प्रती गाडीच्या स्टिरिओच्या दुकानात काउंटरवर जायच्या. आज त्याच कॅसेटच्या तबकड्या निघतात, परदेशी विकल्या जातात, आणि त्या साफ करायला परत माझ्याचकडे येतात. खोलीही तीच आहे. ममा २०११ मध्ये गेली.

ऑगस्टमध्ये कॉर्बिनचा फोन आला. हा पोर्टलंडचा, तबकड्या काढणारा. वय तिशीचं, आवाज कायम खुशीत.

"मिस्टर प्रुइट, एक विनंती. खरखर काढू नका हं. गिऱ्हाइकांना तीच हवी असते. त्यात एक भुताटकी आहे."

"भुताटकी नाही ती," मी म्हणालो. "आम्हाला चांगली कॅसेट परवडत नव्हती, म्हणून ती खरखर आहे."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

"ह्या वेळी काय सापडलंय माहितीये? सेक्स्टन! 'पोर्च लाइट'! जगात चार प्रती शिल्लक आहेत. बी बाजूला शेवटच्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं, अकरा सेकंद शांतता, आणि मग ठेका परत सुरू होतो. त्या काळात, त्या वयात हे सुचणं म्हणजे प्रतिभाच! लोकांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिलीयेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि कव्हरवर हातानं लिहिलेला तो फोन नंबर! आम्ही गेल्या वर्षीच त्याचे टी-शर्ट काढलेत."

"तुम्ही आत्ता त्याच नंबरावर बोलताय," मी म्हणालो.

सेक्स्टन म्हणजे माझा धाकटा भाऊ डेमेट्रिक. आमचे आजोबा चर्चच्या दफनभूमीत खड्डे खणायचे, त्या कामाचं नाव त्यानं घेतलं. १९९५ च्या नोव्हेंबरात तो नाहीसा झाला. डिसेंबरात मी त्याच्या कॅसेटच्या तीस प्रती काढल्या आणि कव्हरवर ममाचा नंबर लिहिला, कारण ऐकणाऱ्या कुणाला काही ठाऊक असेल तर त्यानं फोन करावा. एकही फोन आला नाही. आता वर्षभर येतायत. पोरं फोन करतात, "सेक्स्टन आहे का घरी?" म्हणून हसतात आणि ठेवतात. ते टी-शर्टमुळं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"परवानगी कुणी दिली तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याच्या मुलीनं. सही केलीये तिनं. ती म्हणाली, हे काम फक्त काकाच करेल."

२

मंगळवार, १३ ऑगस्ट. ताशिआ दुपारी चिकनचे पंख घेऊन आली, मधातले, कारण मला आवडतात. ती अठ्ठावीस वर्षांची आहे. डेमेट्रिक गेला तेव्हा ती आईच्या पोटात सहा महिन्यांची होती.

"रागावलायस?" तिनं डबा टेबलावर ठेवला.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. गेली दहा वर्षं तू नाहीच म्हणतोयस, काका. बापाचं नाव काढलं की तुझं तोंड कुलूप लावल्यासारखं बंद होतं."

"तो टी-शर्ट विकतोय त्याचे."

"विकू दे. मला टी-शर्टशी काय करायचंय? माझ्याकडे बापाचा एक फोटो आहे, आणि त्यात त्यानं तोंडावर हात धरलाय. एक फोटो, एर्व्हकाका, आणि त्यात तोंडच नाही." तिनं बोटं पुसली. "कॉर्बिननं मला कॅसेटमधली दोन मिनिटं पाठवली. त्यात तो रॅप करतो. सगळी पोरं करायची तसाच आवाज लावून. मला तो बोलायचा कसा ते ऐकायचंय. गाण्यांच्या मध्ये बोलला असेल ना? काहीतरी? 'पाणी दे' तरी म्हणाला असेल?"

"नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. म्हणजे आता खरं होतं.

"मूळ कॅसेट कुठाय?"

"हरवली. पाणी शिरलं होतं मागं."

"ह्या गल्लीत पाणी कधी शिरलं?"

मी पंख खात राहिलो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग उठली आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मी सही केली कारण मला तो हवाय. काम नीट कर. तू नीट करतोस म्हणूनच तुझ्याकडे दिलंय."

मूळ कॅसेट हरवलेली नव्हती. ती ममाच्या शिवणाच्या डब्यात होती, एकोणतीस वर्षं.

३

कॉर्बिननं पाठवलेल्या प्रतीची बी बाजू चौदाव्या मिनिटानंतर डेकनं चावलेली होती. मूळ कॅसेट काढण्यावाचून इलाज नव्हता. बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी ती लावली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कॅसेटची फीत रिळावर एकावर एक वेढ्यांनी बसते. वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिकट उमटतो. म्हणून जुन्या कॅसेटमध्ये गाण्याची ओळ सुरू व्हायच्या दोनअडीच सेकंद आधी तीच ओळ अगदी बारीक ऐकू येते. ज्याला ठाऊक नसेल तो दचकतो. मी ह्याला 'आधीचा आवाज' म्हणतो, आणि माझ्या वह्यांत तो शब्द शेकडो वेळा आहे.

मी ते अकरा सेकंद १९९५ मध्ये पुसले होते. पण शेजारच्या वेढ्यावर जे उमटलं असेल ते पुसलं जात नाही. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, नंतर कळलं, आणि कळल्यापासून मी ती कॅसेट लावली नव्हती.

बी बाजू, एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. शांतता सुरू व्हायच्या अडीच सेकंद आधी, ठेक्याच्या खाली, तीन थापा. मग शब्द. मग माझं उत्तर.

मी लिहिलं: "अपेक्षेप्रमाणे. फिकट. माझा आवाज जाड वाटतो. मोटर हळू फिरत असावी. पट्टा तपासणे."

पट्टा तपासला. मोटर बरोबर फिरत होती.

मग मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. मला राग आला होता, आणि कॉर्बिनचा राग आला असं मी स्वतःला सांगितलं. अकरा सेकंदांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांचा राग. आम्ही एकेका ओळीसाठी घाम गाळला तिथं ह्यांना काही दिसलं नाही, आणि जिथं मी एक बटण दाबून ठेवलं तिथं ह्यांना प्रतिभा दिसली.

४

त्या दिवशी काय झालं ते कुठंतरी लिहायलाच हवं, तर इथं लिहितो.

मागच्या दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला, एक लाल दिवा होता. रेकॉर्डिंग चालू असलं की तो लावायचा. दिवा लाल असला की कुणी यायचं नाही, दार वाजवायचं नाही, आतल्यानं उघडायचं नाही. नियम डेमेट्रिकनं केला होता. त्यावरूनच कॅसेटचं नाव 'पोर्च लाइट'. आणि नियम मोडायचा तोही डेमेट्रिकच. पोलिसांसारखा दणादणा दार ठोकायचा, घोगरा आवाज काढायचा, मी माइक टाकून धावलो की पायरीवर बसून पोट धरून हसायचा. त्या आठवड्यात त्यानं असे दोन टेक वाया घालवले होते. कॅसेट एकच उरली होती.

शेवटचं गाणं त्याचं म्हणून झालं होतं. पुढं ठेका चालू ठेवायचा आणि त्यावर गल्लीतल्या माणसांची नावं घ्यायची, जशी प्रत्येक कॅसेटच्या शेवटी घेतात. तो म्हणाला, "ठेका चालू दे, बॅटऱ्या घेऊन येतो, आल्यावर नावं घेऊ." दुपारचे साडेतीन वाजले होते. ममा कामावर. मी माइकसमोर एकटा, फीत फिरत होती.

तीन थापा पडल्या.

"एर्व्ह, दार उघड लेका. मस्करी नाही. मागं लागलेत माझ्या. एर्व्ह..."

"लाल दिवा दिसत नाही का? थांब तिथंच."

त्यानंतर त्यानं दार वाजवलं नाही. त्यानं नियम पाळला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, पण आमच्या गल्लीत गाड्यांची दारं आपटतच असतात. ठेका संपल्यावर मी दार उघडलं. पायरीवर चार बॅटऱ्यांचं पाकीट होतं.

मी ममाला सांगितलं, तो बॅटऱ्या आणायला गेला तो आलाच नाही. पोलिसांनाही हेच सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलंसुद्धा नाही. त्यांचा राग करत मी एकोणतीस वर्षं काढली. तो राग खोटा नव्हता, आणि मला त्याचा उपयोगही होत होता. प्रती काढायच्या आदल्या दिवशी मी ते अकरा सेकंद पुसले, कारण प्रत ममा ऐकणार होती.

५

माझं काम आता सोपं होतं. संगणकातल्या फाइलमध्ये तो फिकट भाग शोधायचा आणि कापून तिथं साधी खरखर भरायची. बुधवारी संध्याकाळी कापला.

गुरुवारी सकाळी तपासलं, तर तीन थापा शांततेच्या नऊ सेकंद आधी होत्या.

वाटलं, चुकीची फाइल साठवली. पुन्हा कापला. शुक्रवारी एकतीस सेकंद आधी, त्याच्या एका ओळीच्या खाली. फीत ताणली जाते, आकसते, हे मी समजू शकतो. फाइल ताणली जात नाही. तिची लांबी एका अंशानंही बदलली नव्हती. मी मूळ कॅसेट परत लावली. तिच्यावरही एकतीस सेकंद. दुसऱ्या डेकवर लावली. एकतीस.

कानांवर संशय घेतला. वय चोपन्न आहे, आयुष्यभर हेडफोन घातलेत. गेल्या साली घशाची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी ऐकण्याचीही तपासणी केली होती. तो कागद काढून पाहिला. कान चांगले होते.

शनिवारी तीन मिनिटं आधी. रविवारी बी बाजूच्या अगदी पहिल्या ओळीच्या आधी. सोमवारी बी बाजूवर काहीच नव्हतं. दोनदा ऐकली. एवढं हायसं वाटलं की मी स्वतःशीच हसलो, कॉफी केली, उभ्यानंच प्यालो.

मग ए बाजू लावली. बाजू संपतानाच्या खरखरीत थापा होत्या.

मी वहीत लिहिलं: "मागं सरकतंय." आणि खाली: "हे वाक्य मूर्खपणाचं आहे." दोन्ही खोडली नाहीत.

६

शेजारच्या मिस ओझेला ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सगळा दिवस ओसरीवर बसून शेंगा मोडतात आणि गल्लीतलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्यांनी हाक मारली.

"काय रे एर्विन, परत पोरं जमवायला लागलास वाटतं?"

"नाही हो, मिस ओझेला. कुठली पोरं?"

"मग दिवा कशाला लावतोस दिवसाढवळ्या? तीन दिवस बघतेय. दुपारी साडेतीनला तुझा तो लाल दिवा लागतो. मी म्हटलं, चला, ह्याला एवढ्या वर्षांनी अक्कल यायच्या ऐवजी परत तेच खूळ आलं."

"दिवा नाहीये तिथं. पंच्याण्णव सालीच काढला मी."

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय रे बाळा, दोन्ही." त्या शेंग मोडत म्हणाल्या. "तुझं नाही झालेलं."

मी मागं जाऊन पाहिलं. रिकामं होल्डर, त्यात गांधीलमाशीचं जुनं घरटं. तारा तर मी भिंतीतूनच कापून टाकल्या होत्या. घरटं हाताला कोमट लागलं. ऑगस्टचं ऊन होतं, सगळंच कोमट लागत होतं.

त्या दिवशी मी हट्टाला पेटलो. ए बाजूवरचं सगळं खरवडून काढलं. रोज कापत गेलो आणि ते रोज मागं जात गेलं, पाचव्या गाण्यातून चौथ्यात, चौथ्यातून दुसऱ्यात. माझं उत्तर मात्र दर वेळी थोडं स्पष्ट होत होतं. सत्तावीस तारखेला ते पहिल्या गाण्याच्याही आधी पोचलं. मी सगळ्यात पुढचे सहा सेकंद उडवले आणि फाइल पाठवून दिली. म्हटलं, आता मागं जायला जागाच नाही.

कॉर्बिनचा फोन आला. "सुरुवातीचे सहा सेकंद का काढलेत? आणि शेवटची शांतता फारच स्वच्छ केलीत हो. मजा गेली. थोडी घाण परत टाकता येईल का?"

"कॉर्बिन," मी म्हणालो, "त्या शांततेत माझा भाऊ दार वाजवतोय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "वा. हे मी तबकडीच्या जॅकेटवर छापू का?"

मी फोन आपटला. एवढ्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि निघालं ते ह्या माणसापाशी.

७

ऑक्टोबरमध्ये तबकडीची चाचणीची प्रत आली. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, नाव नाही, काही नाही. ताशिआनं बजावलं होतं, माझ्याशिवाय लावायची नाही. शनिवारी, बारा तारखेला, ती कामावरून सुटल्यावर आली. तीन वाजून गेले होते.

"कशी दिसतेय बघ," तिनं तबकडी दोन्ही तळव्यांमध्ये धरली. "माझ्या बापाला वजन आहे, काका."

मी सुई ठेवली.

गाणं सुरू होण्याआधी तबकडीच्या कडेला दोनतीन रिकामे फेरे असतात. तिथं काही नसतं, प्लॅस्टिकवरून सुई घसरल्याचा आवाज तेवढा असतो. तिथं तीन थापा होत्या.

"दार वाजलं का रे?" ताशिआ म्हणाली.

"तबकडीत आहे."

"गाण्यात?"

"बस खाली."

डेमेट्रिक रॅप करू लागला. ती ऐकत होती, डोळे मिटून, ओठ हलवत. पहिलं गाणं संपेपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात हिशेब करत होतो. कॅसेटवर मागं सरकत गेलं, फाइलवर गेलं, आता तबकडीच्या पहिल्या फेऱ्यावर होतं. त्याच्या मागं तबकडी नाही. तिच्या कडेच्या मागं ही खोली आहे.

मी सुई उचलली. तबकडी थांबवली. वायरसुद्धा भिंतीतून काढली.

"का बंद केलंस?"

आणि तेव्हा खोलीत, कुठल्याही स्पीकरमधून नाही, भिंतीतून नाही, आधीच्या आवाजाच्याच पट्टीत, इतक्या फिकट की श्वास घेतला असता तर चुकलं असतं, तीन थापा पडल्या. मग तो. मग उत्तर: "लाल दिवा दिसत नाही का? थांब तिथंच."

ताशिआ खुर्चीच्या कडेला सरकली. ती दाराकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

"हा तुझा आवाज आहे," ती म्हणाली.

"हो."

"आत्ताचा. ऑपरेशननंतरचा."

मी पंचवीस वर्षांचा असताना माझा आवाज बारीक होता. पोरं चिडवायची त्यावरून. हा जाडपणा गेल्या साली घशाची गाठ काढल्यावर आला. मी वहीत मोटर हळू फिरते म्हणून लिहिलं, पट्टा तपासला, आणि जे पहिल्याच दिवशी कानावर पडलं होतं ते दोन महिने ऐकलं नाही. आधीचा आवाज हा झालेल्या गोष्टीचा नसतो. पुढं यायचंय त्याचा असतो. मीच माझ्या वह्यांत हे शेकडो वेळा लिहून ठेवलंय.

"काका, काय केलंयस तू?"

मी सांगितलं. सगळं, बॅटऱ्यांच्या पाकिटापर्यंत. फार वेळ लागला नाही. एवढीशी गोष्ट आहे ती.

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "आजी रोज रात्री मागचं दार उघडं ठेवायची. मी लहान असताना मला वाटायचं, म्हाताऱ्या बायका विसरतात. तू इथं, ह्याच टेबलाशी बसायचास. आणि तिला उघडं ठेवू द्यायचास."

"हो."

"आणि तो एवढंच बोललाय. सगळ्या कॅसेटमध्ये तो माणूस एवढंच बोललाय, आणि तू ते पुसलंस."

"हो, ताशिआ."

"माझ्याशी हो हो करू नकोस!" तिनं टेबलावर हात आपटला. बशीतले स्क्रू उडाले. आमच्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलल्याला किती वर्षं झाली होती, ते मला आठवेना.

तेव्हा मागच्या दाराची काच लाल झाली.

संध्याकाळ व्हायला वेळ होता. खोलीत लख्ख ऊन होतं. त्या उन्हातच काचेवर तो रंग चढला, खालच्या फरशीवर सांडला, ताशिआच्या बुटांपर्यंत आला. घड्याळाकडं बघायची मला गरज नव्हती.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

थापा पडल्या. या वेळी पूर्ण. दाराची कडी तिन्ही वेळा हादरली.

ताशिआ उठली. मी मान हलवली, उघड म्हणून की नको म्हणून, मला अजून ठाऊक नाही. माझ्या घशात ते वाक्य चढत होतं. आपलं आपण येत होतं, ढेकर यावा तसं. मी दात आवळले, हात अजून दाबले, नाकातून श्वास घेतला. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तिनं कडी काढली.

मी बसलो होतो तिथून तिची पाठ दिसत होती, आणि दाराची कड, आणि तिच्या एका कानावर पडलेला लाल उजेड. तिच्या पलीकडं, पायरीवर, तिच्याएवढ्याच उंचीचं कुणीतरी होतं. एक हात दिसला, तोंडावर धरलेला. मग तो हात खाली आला.

त्यापुढं मी खाली बघितलं. मला काही ऐकू आलं नाही. तिला येत असावं, कारण ती मान किंचित कलती करून उभी होती, जसं समोरचा माणूस हळू बोलतो तेव्हा उभं राहतात. मी मोजत होतो. अकरा.

तिनं दार लोटलं. फरशी पुन्हा नुसती उन्हाची झाली. तिनं खुर्चीवरची पिशवी घेतली, तबकडी वेष्टनात घातली, ममाच्या डब्यातून कॅसेट काढून पिशवीत टाकली. तिचा चेहरा ओला होता आणि शांत होता.

मी तोंडावरचे हात काढले. "बोलला?"

"हो."

"मला काही म्हणाला?"

"नाही," ताशिआ म्हणाली. "तुझ्याशी बोलायचं नाहीये त्याला."

ती पुढच्या दारानं गेली. त्यानंतर आली नाही. फोन उचलत नाही.

८

नोव्हेंबर, मंगळवार. कॉर्बिनचा फोन, ममाच्या नंबरावर. तबकड्या छापून आल्या, पाचशे. तो फार खूश होता.

"मिस्टर प्रुइट, तुम्ही अगदी लबाड आहात हं! घाण नको नको म्हणालात आणि काय करून ठेवलंत! पहिल्या गाण्याच्या आधी तो म्हातारा ओरडतो ना, 'लाल दिवा दिसत नाही का' म्हणून, अंगावर काटा येतो! इतका स्वच्छ आवाज, जणू शेजारी उभा आहे. प्रत्येक प्रतीवर आहे."

मी विचारलं, "त्याच्या आधी काही ऐकू येतं का? थापा? कुणी हाक मारतंय?"

"नाही हो. काहीच नाही. फक्त तो." कागद सरकवल्याचा आवाज आला. "जॅकेट छापायला जायचंय. श्रेयात त्याचं नाव टाकायला हवं. कोण आहे तो?"

दुपारचे साडेतीन व्हायला आले होते. मागचं दार सताड उघडं होतं. हल्ली मी ते उघडंच ठेवतो. पायरीवर कुणी नव्हतं.

मी त्याला माझं नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, एकेक अक्षर परत वाचून दाखवलं, आणि मी बरोबर आहे म्हणालो.